पाच नद्या आणि एक पद्मिनी

गाडीत पेट्रोलचा वास येतोय, हे वाक्य चारचौघांत मोठ्याने बोलू नये. ताप आलाय म्हटलं तर लोक निदान एखाद्या डॉक्टरचं नाव सुचवतात. पेट्रोलचा वास म्हटलं की जो तो स्वतःच बॉनेटमध्ये डोकं खुपसतो. इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखायचं तर कान तयार असावा लागतो, हे लोकांना मान्य असतं. वासाच्या बाबतीत अशी काही पात्रता असते असं कुणालाच वाटत नाही, कारण नाक प्रत्येकाला दिलेलं आहे. माझं मत असं झालंय की माणूस वास घेतो नाकाने, पण त्याचं निदान करतो स्वभावाने.

हे मत बनवण्याची उत्तम सोय मला तंजावरात मिळाली. तिथल्या एका मराठी घरी मी उतरलो होतो. एकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं, त्यांच्यामागून जी कुटुंबं तिकडे गेली आणि १८५५ मध्ये राज्य संपल्यावरही परतली नाहीत, त्यांतलं हे एक. काका बँकेत ऑडिटर होते. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, हिशेबात इंग्रजी आणि गाडीशी बोलताना तिन्ही, अशी त्यांची भाषेची वाटणी. गल्ली त्यांना ‘रायर’ म्हणते. तिकडच्या बहुतेक रावांचं तेच होतं. सांबाराचा शोध तंजावरच्या मराठ्यांनीच लावला ना, हा प्रश्न मी त्यांना मुद्दाम विचारला नाही. महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या जेवणालाच तो विचारतो, असं काकूंनी मला दारातच सांगून ठेवलं होतं.

काकांची गाडी म्हणजे फिकट पिवळी प्रीमियर पद्मिनी. स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, १०८९ सीसीचं इंजिन, आणि डॅशबोर्डवर मान डोलावणारी तंजावरची बाहुली. गाडी जन्माने कुर्ल्याची, त्यामुळे मला ती गाववाली वाटली. मुंबईने आपली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून काढली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत जे हळवे लेख आले, त्यांचे लेखक आदल्या आठवड्यात एसी टॅक्सीनेच फिरत असणार. तंजावरने मात्र मराठी माणूस आणि मराठी गाडी दोन्ही विनातक्रार सांभाळले आहेत.

१९७४ मध्ये कंपनीने या गाडीला राणी पद्मिनीचं नाव दिलं, असं आपण समजतो. काकांच्या गल्लीत हे कुणाला पटत नाही. त्यांच्या लेखी पद्मिनी एकच, ‘तिल्लाना मोहनांबाळ’मध्ये नर्तकी झालेली नटी. १९६८ च्या त्या सिनेमात तिच्यासमोर नादस्वर वाजवतो तो शिवाजी गणेशन, आणि अण्णादुराईंच्या नाटकात शिवाजी महाराजांची भूमिका केली म्हणून त्याला ‘शिवाजी’ हे नाव पडलं. म्हणजे पद्मिनीच्या मागच्या सीटवर मराठी पाहुणा बसला की शेजाऱ्यांच्या दृष्टीने जोडी पूर्ण झाली. एका आजोबांनी मला तसं हातवारे करून समजावून सांगितलं, आणि ते सांगतानाच थांबून दोन वेळा नाक फुरफुरवून म्हणाले, “पेट्रोल वासनै वरुदु, सार.”

इथून सगळं सुरू झालं.

वास नवा नव्हता. तो बरेच दिवस अधूनमधून येत होता आणि काका तो अधूनमधून नाकारत होते. यात त्यांचा खोटेपणा नव्हता. एकाच वासात माणूस काही मिनिटं बसला की नाक त्याला सरावतं आणि त्याची वर्दी देणं बंद करतं. त्यामुळे गाडीचा वास ज्याला सर्वांत आधी कळायला हवा, त्यालाच तो सर्वांत कमी कळतो. काका पाच मिनिटं गाडी चालवत आणि जाहीर करत, “गेला बघ!” बाहुली मान डोलवी.

पण शेजारी चारचौघांत बोलला, तेव्हा नाकारायची सोय उरली नाही. मग काकांनी लगेच आरोपी निश्चित केला. तो मी निघालो.

“तुमच्या कोल्हापूर-सांगलीचा ऊस,” ते म्हणाले. त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अगदीच पोकळ नव्हतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल बाजारात आलं आणि दोनेक वर्षांत ते देशभर पंपापंपावर पोचलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांतले रबराचे वॉशर, नळ्या, पडदे ज्या काळात बनले त्या काळात त्याचा विचार कुणी केलेला नव्हता. त्यातलं बरंचसं इथेनॉल उसापासून बनतं हेही खरं. पण एकोजीराजांच्या फौजेनंतर साडेतीनशे वर्षांनी महाराष्ट्राने तंजावरवर पुन्हा चाल केली आणि ती साखर कारखान्यांच्या बाजूने केली, हा निष्कर्ष फक्त काकाच काढू शकत होते. मी सांगून पाहिलं की इथेनॉल आता तांदळापासूनही बनवतात आणि तांदळाचं कोठार तर कावेरीचं खोरं आहे, तेव्हा टाकीत अर्धा गुन्हा तुमचाही असेल. ते गंभीर झाले. काकू म्हणाल्या, “म्हणजे भात आणि साखर. पोंगल झाला की.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिरुवैयारूला निघालो. तिथे काकांची बहीण राहते, आणि त्यागराजांची समाधीही तिथेच आहे. काका निघताना नेहमी समाधीचं नाव घेतात आणि पोचल्यावर बहिणीकडे जेवायला बसतात. अंतर दहा-बारा किलोमीटर. पण तेवढ्यात पाच नद्या ओलांडाव्या लागतात. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी खुद्द कावेरी. पाच नद्यांचं गाव म्हणूनच तिरुवैयारू.

हा मुलूख सपाट म्हणजे किती सपाट, हे घाटातल्या माणसाला सांगून कळत नाही. इथे पाण्यालाही उतार शोधत जावं लागतं, म्हणून ते इतक्या फाट्यांनी फुटलंय. चढ नावाची गोष्ट या भागात माणसाने बांधलेली आहे, आणि तिला पूल म्हणतात. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. आम्ही कुणीच ठेवली नाही.

सांबा हंगामाची कापणी चालू होती आणि रस्त्यावर भात पसरलं होतं. तिकडे डांबरी रस्ता हे सरकारने शेतकऱ्यांना दिलेलं खळं आहे. वरून गाड्या जातात, मळणी होते, वाहतूक खात्याला पुण्य लागतं. काही पेंढा चाकाखालून वर येऊन सायलेन्सरच्या गरम पाइपला चिकटतो आणि करपतो. तेव्हा वेण्णारच्या पुलानंतर गाडीत पेट्रोलचा आणि करपलेल्या पेंढ्याचा असे दोन वास एकदम आले. यांतला एकेक वास चालून जातो. दोन्ही मिळून आले की मागच्या सीटवरच्या माणसाला आपलं इच्छापत्र आठवतं. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशाच्या थंडीतही पेट घेऊ शकते, आणि तंजावरात तर जानेवारीतही लोक पंखा लावून झोपतात.

काकांनी गाडी बाजूला घेतली. चहाच्या टपरीवरून माणसं आली, त्यांतला एक जण विडी ओढत आला. बॉनेटमध्ये वाकण्याआधी त्याने विडी विझवली नाही. ती कानामागे ठेवली. काकूंनी त्याला तमिळमध्ये जे ऐकवलं त्यातला एक शब्दही मला कळला नाही आणि सगळा अर्थ कळला.

तिथल्या एका शेतकऱ्याने वास घेतला आणि गाडीकडे पाहिलंच नाही. तो शेताकडे बघू लागला. बांधाबांधाने चालत गेला, एका जागी उकिडवा बसला, माती हुंगली. मला आधी हसू आलं, मग काकांनी सांगितलं तेव्हा गेलं. या खोऱ्याच्या पोटात तेल आणि वायू आहे. ओएनजीसीच्या विहिरी आणि जमिनीखालून गेलेल्या नळ्या गावोगाव आहेत, नागपट्टिनमजवळ नरिमणमला तेलशुद्धीकरण कारखाना उभारला गेला. कुंभकोणमच्या पलीकडे कदिरामंगलमला ३० जून २०१७ रोजी अशी एक पाइपलाइन फुटली, तेल शेतात पसरलं, गाव रस्त्यावर आलं, अटका झाल्या. या आंदोलनांनंतर २०२० मध्ये तमिळनाडूने कायदा करून या खोऱ्याला संरक्षित कृषी क्षेत्र ठरवलं. तेव्हा इथल्या शेतकऱ्याला तेलाचा वास आला की तो आधी आपली जमीन तपासतो. आमच्या सगळ्यांत फक्त त्याच्याच शंकेला इतिहास होता. पण त्या दिवशी तरी त्याची माती निर्दोष निघाली.

तंजावरला परतल्यावर गाडी मेस्त्रींकडे गेली. मेस्त्री म्हणजे झाडाखाली चालणारं गॅरेज, मदतीला ‘तंबी’ नावाने हाक मारला जाणारा एक पोऱ्या, आणि फियाट-अॅम्बेसेडर सोडून दुसऱ्या गाड्यांशी ते बोलत नाहीत. त्यांनी वास घेतला तो मात्र शिस्तीत. आधी कार्ब्युरेटर उघडला. त्याच्या वाटीत एक फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येऊन सुईने वाट बंद करतो. सुई झिजली तर वाटी ओसंडते. सुई ठीक होती. मग पेट्रोल पंप. त्यातला रबरी पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं, म्हणून त्यांनी डिपस्टिक ओढून हुंगली, बोटांवर ऑइल चोळलं. तेही ठीक. पुढच्या नळ्या, क्लिपा, सगळं ठीक. काका त्यांना विचारत होते, “इथेनॉल?” मेस्त्री म्हणाले, “गाडी बंद केल्यावर गरम इंजिनाने वाटीतलं पेट्रोल थोडं उकळतं. जुन्या गाडीला तेवढा वास असायचाच.” तंबीने बॉनेट लावलं. काकांनी पैसे दिले. गाडी वासमुक्त झाल्याचं दोघांनी मान्य केलं, आणि खरंच, दोन-तीन दिवस वास आला नाही.

मग पुन्हा बहिणीकडे जायचं ठरलं. काकांनी टाकी फुल केली. टाकी फुल केल्याशिवाय ते गाव सोडत नाहीत. दुष्काळ आणि अर्थसंकल्प या दोन गोष्टी न सांगता येतात असा त्यांचा अनुभव आहे. वडवारच्या पुलावर वास हजर.

वास आला की काका पुढच्या दोन्ही काचा पूर्ण खाली करत, तो बाहेर जावा म्हणून. चालत्या गाडीच्या पुढच्या काचा उघडल्या की आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची जागा घ्यायला मागून, डिकीच्या फटींतून हवा येते. वास जर डिकीतच असेल तर काच उघडणं म्हणजे त्याला हाताला धरून पुढे आणून बसवणं. हे नंतर कळलं. तेव्हा आम्ही वारा खात होतो आणि पेट्रोल हुंगत होतो.

दुसऱ्या दिवशी मी राजवाड्यातल्या सरस्वती महालात गेलो. सरफोजीराजांचं हे ग्रंथालय बघताना मराठी माणसाची छाती फुगते आणि आपण स्वतः त्यात काही केलेलं नाही हे तो विसरतो. सरफोजी दुसरे, कारकीर्द १७९८ ते १८३२. नेपोलियनचा पाडाव झाला, त्या आनंदात यांनी बंगालच्या उपसागराच्या काठी ‘मनोरा’ नावाचा आठ मजली बुरूज बांधला. घटनेशी आपला संबंध किती आहे हे न बघता उत्सव करायचा, हा मराठी गुण तिथेही टिकला होता. पण त्यांच्या एका कामापुढे मी खरोखर थबकलो. राजांनी डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या आहेत. रोग काय, उपचार काय, गुण काय आला, आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. दोनशे वर्षांपूर्वी, एका राजाकडे.

घरी येऊन काकांना म्हटलं, राजांनी डोळ्यांचं केलं ते तुम्ही नाकाचं करा. निवृत्त ऑडिटरला वही काढायला निमित्तच हवं असतं. रात्रीच रकाने आखले गेले. तारीख, वेळ, ठिकाण, टाकीतलं पेट्रोल, ऊन किंवा सावली, आणि वास: आहे, नाही, संशयास्पद. प्रत्येक ओळीपुढे त्यांची आद्याक्षरं. ‘संशयास्पद’ नोंदीपुढे काकूंचीही सही घेतली जाई. गाडीखाली रात्री ‘दिनतंती’ पसरलं जाऊ लागलं आणि सकाळी त्याच्यावरचे डाग वाचले जाऊ लागले. इंजिन ऑइल आढळलं, गिअरचं ऑइल आढळलं, रेडिएटरचं पाणी आढळलं. पेट्रोल कधीच आढळलं नाही. ते गळलं तरी सकाळपर्यंत उडून जातं, कागदाला फार तर पुसट कडा ठेवतं. काका मात्र कागद अंकांच्या क्रमाने लावून ठेवत होते.

वही भरत गेली आणि तिने उत्तर दिलं. इतकं स्पष्ट उत्तर फार थोड्या वह्या देतात. वडवार: आहे. वेण्णार: आहे. वेट्टार: आहे. कुडमुरुट्टी: आहे. कावेरी: संशयास्पद. मधल्या गावांत: नाही. परतताना: नाही. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि निकाल दिला. वास गाडीला नाही, नद्यांना आहे. पात्रांत कुणीतरी काहीतरी सोडतंय. कलेक्टरांना द्यायच्या अर्जाचा मसुदा त्यांनी त्याच रात्री तयार केला आणि पुरावा म्हणून वहीची प्रत जोडली. नोंदी शंभर टक्के खऱ्या आणि निष्कर्ष शंभर टक्के चुकीचा, हा प्रकार मी सरकारी अहवालांत पाहिला होता. घरगुती पातळीवर पहिल्यांदाच पाहिला.

अर्ज जायच्या आधी ब्रेकच्या कामासाठी गाडी मेस्त्रींकडे गेली, आणि काकांनी अभिमानाने ती वही त्यांना तमिळमध्ये वाचून दाखवली. मेस्त्री तिसऱ्या नदीपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, “टाकी फुल्ल?”

काकांनी रकाना बघितला. वास असलेल्या प्रत्येक ओळीत टाकी फुल. परतीच्या एकाही ओळीत नाही. हा रकाना त्यांनी स्वतः आखला होता, स्वतः भरला होता, आणि ऑडिटरच्या प्रामाणिकपणाने स्वतः वाचला नव्हता.

मेस्त्री बॉनेटकडे गेलेच नाहीत. डिकी उघडली, नारळ काढले, काथ्याचं पायपुसणं काढलं, स्टेपनी काढली, गालिचा उचलला. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी जाते. तिला वळणापाशी भेगा पडल्या होत्या आणि बाजूचा पत्रा धुतल्यासारखा स्वच्छ होता. टाकी गळ्यापर्यंत भरलेली असेल तरच पेट्रोल त्या नळीत उभं राहतं. गाडीने चढ घेतला की ते मागे लोटतं आणि भेगेतून झिरपतं. तंजावर जिल्ह्यात चढ फक्त पुलांवर. कावेरीपर्यंत पोचेतो एखादा लिटर जळून आणि झिरपून पातळी खाली जाते, म्हणून शेवटची नदी संशयास्पद आणि परतीचा प्रवास निर्मळ. आणि गॅरेजात गाडी पोचायची ती सपाट रस्त्याने, अर्ध्या टाकीवर. तिथे वास सापडणार कसा?

नळी ओढून काढली तर ती पेट्रोलची नव्हतीच. शेतीपंपाची होती, कालव्याचं पाणी खेचतात ती. इथे किराणा दुकानाशेजारी दुसरं दुकान तिचंच असतं. पाण्याचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, मऊ पडतं, सुकलं की तडकतं. पेट्रोलला नायट्राइल रबर लागतं. इथेनॉलने या दुखण्यात हातभार लावला असेलच, असं मेस्त्री न्यायबुद्धीने म्हणाले, त्यामुळे कोल्हापूरची पूर्ण सुटका झाली नाही.

“ही कुणी घातली?” काकांनी विचारलं. आधीच्या मेकॅनिकला नावं ठेवणं हा या धंद्यातला मंगलाचरणाचा श्लोक आहे, तेव्हा मी ऐकायला सरसावून बसलो. मेस्त्रींनी नळीवरची क्लिप उलटसुलट करून पाहिली. तंबीने पाहिली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “त्या काळात हीच मिळायची,” मेस्त्री म्हणाले आणि ब्रेककडे वळले.

खरी नळी तिरुच्चीहून आली. हातभर तुकडा आणि दोन क्लिपा, सगळं मिळून त्या महिन्यात आम्ही पंचायत भरवताना प्यायलेल्या कॉफीपेक्षा स्वस्त पडलं. टाकी फुल करून पाचही पूल पार झाले आणि वहीत पाच वेळा ‘नाही’ लिहिलं गेलं. कलेक्टरांचा अर्ज काकांनी तरीही पाठवला. त्यातला वासाचा परिच्छेद तेवढा काढला. बाकी नद्यांबद्दल तक्रार करायला मजकूर कमी पडत नाही, असं ते म्हणाले.

तुमच्याकडे अशी वयस्कर गाडी असेल तर टाकी काठोकाठ भरू नका, आणि येत्या रविवारी डिकीतला गालिचा उचलून ती एक नळी बघून घ्या. बघताना मदतीला शेजारी येतीलच. त्यांची नाकं अडवता येणार नाहीत, पण विड्या-सिगारेटी कानामागे न ठेवता विझवायला लावा.